निर्गुडीची वई आडवी घातली

इंग्लंडातल्या लेस्टरमधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. गावाबाहेरच्या रस्त्याकडेला एक वयस्कर शेतकरी कुंपणाच्या झाडांवर कोयता चालवत होता. हॉथॉर्नची दोन पुरुष उंचीची काटेरी झाडं तो बुंध्याजवळ कापत होता, पण तोडत नव्हता. करंगळीहून पातळ अशी साल-लाकडाची पट्टी राहिली, की सगळं खोड हलकेच शेजारच्यावर निजवायचा. मी तिथंच थांबले.

खानापूर तालुक्यात वाढलेल्या मुलीला वईचं, म्हणजे झाडांच्या जित्या कुंपणाचं, काय नवल! आमच्या शेताला एकीकडं घायपात, ओढ्याकडं निर्गुडी. पण वई जुनी झाली की शेंडा वर पळतो आणि बुडात भगदाडं पडतात. रानडुकरं तिथूनच भातात शिरतात. मग आपण काटेरी तार ओढतो. तिकडचे लोक मात्र त्याच झाडांना आडवं करून बूड पुन्हा दाट करून घेतात.

पुढच्या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी मी ते काम शिकले. घाव गुडघ्याखाली सुरू करून तिरका जमिनीपर्यंत न्यायचा. माझा पहिला घाव आखूड पडला आणि मनगटाएवढं खोड वाकवताना कडकन मोडलं. जिवंत झाड हातचं गेलं, फार वाईट वाटलं. घाव लांब असला तरच पट्टी वाकते आणि तिच्यातून मुळांचं पाणी शेंड्यापर्यंत पोचत राहतं. बुडात उभा राहिलेला टोकदार तुकडाही साफ तासायचा, म्हणजे नवे फुटवे अगदी जमिनीलगत येतात. खरं कुंपण या फुटव्यांचंच होतं. जमीन चढाची असेल तर खोडं चढाकडं निजवतात. मग ओळीत खुंट ठोकायचे, दोन खुंटांत अठरा इंच. शिकवणारे आजोबा हे माप कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात धरून घ्यायचे. माझ्या आबांचा 'एक हात' तोच की! शेवटी खुंटांच्या माथ्यावर हेझल नावाच्या झाडाच्या लांब काठ्या पीळ देत विणतात. लेस्टरशायर म्हणजे बैल पोसणाऱ्यांचा मुलूख, म्हणून काटेरी फांद्या जनावरांच्या बाजूला ठेवायच्या, अंगानं रेटलं तरी कुंपण हलत नाही.

इसवी सनपूर्व ५७ मधल्या लढाईचं वर्णन करताना ज्युलियस सीझरनं अशी कोवळी झाडं कापून, वाकवून केलेली कुंपणं नोंदवली आहेत. आजच्या बेल्जियमकडच्या नर्व्ही लोकांनी ती घोडेस्वार अडवायला केली होती. इंग्लंडात मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या यंत्रांसाठी मैलोन्मैल कुंपणं उपटली गेली. ही विद्या टिकावी म्हणून १९७८ मध्ये तिथं राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

यंदा मे महिन्यात घरी आले, तेव्हा ओढ्याकडची निर्गुडी धरली. निर्गुडी लवचिक, तिच्या काठ्यांच्या टोपल्या विणतात. शेळ्याही तिला सहसा तोंड लावत नाहीत. तिकडं हे काम झाड झोपलेलं असताना, हिवाळ्यात करतात. आपल्याकडं मृगाच्या तोंडावर केलं तर पावसाबरोबर फुटवे येतील, असा माझा हिशोब. पहिला घाव घालताच आबा ओरडले, "अगं, मारायलीस काय तिला?" मी खोड निजवलं, पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा सारखा करून ती बोटानं चाचपली आणि काही न बोलता बांबूचे खुंट तासायला बसले. हात लावून माप तेच घेत होते.

मोरीजवळच्या पाच खोडांत बुलबुलाचं घरटं निघालं, आत दोन पिल्लं. इंग्लंडात पाखरांसाठी १ मार्चपासून ३१ ऑगस्टपर्यंत कुंपणाला सहसा हत्यार लावत नाहीत. मीही मे महिन्यात हात घालण्याआधी सगळी वई बघायला हवी होती. ती पाचही खोडं तशीच सोडली आणि माझी सुट्टी संपली.

जुलैत आबांचा फोन आला. कापल्या जागी वीतभर फुटवे आले होते. त्यांनी मोबाईल बुडाशी नेऊन दाखवलं, घावाच्या कडेनं लांबट, टोकदार कोवळी पानं. मग कॅमेरा मोरीकडं फिरवला. तिथली पाचही खोडं आडवी निजलेली, घावांवर शेणमाती लिंपलेली.

"पिल्लं उडून गेली," आबा म्हणाले, "मग मीच घातली."