काहिलीपासून कलादालनापर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी फॅब्रिकेशनसाठी शेड घेतलं तेव्हा काम ठरलेलं असायचं. गुऱ्हाळात रस आटवायच्या मोठ्या कढया म्हणजे काहिली, उसाच्या ट्रॉल्या, ग्रिल, गेट. माझ्या काळात हॉटेलांची स्टीलची कामं वाढली.

कलेचं काम आलं ते एका तरुण शिल्पकारामुळं. कोल्हापुरात शिकून पुढं मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात गेलेला. त्यानं शिल्पकार सुबोध गुप्तांच्या ‘व्हेरी हंग्री गॉड’चा फोटो दाखवला. २००६ सालची, स्टीलच्या भांड्यांची प्रचंड कवटी. वडिलांनी फोटो निरखला आणि विचारलं, “आत सांगाडा कसलाय?” तिथंच दोघांचं जमलं.

त्याचं पहिलं काम शाहू स्मारकच्या कलादालनात लागलं. मग मुंबईची गॅलरी, मग कोची. त्याची कामं मोठी होत गेली तसं आमचं शेडही बदललं. पुतळा एकदा बसवला की जागचा हलत नाही; इन्स्टॉलेशनला, म्हणजे जागेत मांडायच्या कलाकृतीला, मात्र सुटं होऊन ट्रकमधून जायचं असतं आणि परक्या गावात परक्या पोरांच्या हातून पुन्हा उभं राहायचं असतं. म्हणून जिथं जमेल तिथं वेल्डिंगऐवजी फ्लँज, म्हणजे बोल्टनं जोडायच्या कडा, आणि प्रत्येक भागावर पंचानं नंबर. दीड एमएमच्या पत्र्यावर सलग आर्गन वेल्डिंग ओढलं की पत्रा पोट काढतो. आमचे मिस्त्री समोरासमोर वेल्डिंगचे छोटे टाके मारत जातात, मध्ये गार होऊ देतात. कोचीच्या खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडच्या स्टीलवर तांबूस डाग धरतात, तिथं ३१६च लागतं, दर कितीही असो. परदेशी जाणारी पेटी उष्णता दिलेल्या, शिक्का असलेल्या लाकडाचीच हवी, नाहीतर माल बंदरात अडकतो.

कलाकाराकडं पैसा सलग येत नाही. एक काम विकलं जातं, मग वर्षभर काही नाही. म्हणून मालाचे पैसे आधी आणि मजुरी काम लागल्यावर, असं आम्ही ठरवलं. आज इतर कलाकारही याच बोलीवर येतात.

एक मागणी मात्र मी सगळ्यांकडं करतो. कामाशेजारच्या पाटीवर मिस्त्रींची नावं लिहा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, तिथं कलाकार आणि कारागीर यांच्यात भिंत कशाला?

दळवीज, कलानिकेतन या इथल्या कला महाविद्यालयांच्या मुलांनी खुशाल यावं. पुठ्ठ्याचं मॉडेल असलं तरी चालेल. वजन किती, उभं कसं राहणार आणि हॉलच्या दारातून आत कसं न्यायचं, ते बसून काढू.