गोल्डन व्हेलमधली गवताची सुगी

आयर्लंडमध्ये मे महिना संपत आला की गायी पाळणारा प्रत्येक माणूस आभाळाकडे बघत बोलतो. कॉर्क शहर सोडून उत्तरेला निघाले तेव्हा बसमध्ये, चहाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर एकच चौकशी कानावर येत होती: उघडीप कधी? गवत वाढायला लागणारा पाऊस इथे भरपूर पडतो. गवत कापायला लागणारं ऊन मात्र मोजून मिळतं.

मी हे कापणीचं काम बघायलाच गेले होते. कॉर्क, लिमरिक आणि टिपररी या तीन काउंटींमध्ये पसरलेल्या कुरणांच्या पट्ट्याला गोल्डन व्हेल, म्हणजे सोनेरी खोरं, म्हणतात. जमीन भारी, हवा दमट, हिवाळाही फार कडक नाही. त्यामुळे गायी फेब्रुवारी-मार्चपासून जवळजवळ नोव्हेंबरपर्यंत बाहेरच चरतात. उरलेले महिने त्या गोठ्यात असतात, आणि तेव्हाचं खाणं उन्हाळ्यातच साठवून ठेवावं लागतं. देशात 15 लाखांच्या वर दुभत्या गायी आहेत. त्यांचा हिवाळा मे अखेर ते जुलै या काही आठवड्यांत ठरतो.

साठवणीच्या पद्धती दोन. एक म्हणजे गवत वाळवणं. उभ्या गवतात 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते उन्हात 15 ते 18 टक्क्यांपर्यंत खाली आणायचं. त्यासाठी सलग चार-पाच कोरडे दिवस लागतात, आणि आयर्लंडमध्ये असे दिवस सलग मिळणं ही चैन आहे. दुसरी पद्धत मुरघासाची. आपल्याकडे मुरघास म्हटलं की मका डोळ्यांसमोर येतो. इथे तो मुख्यतः गवताचाच. कापलेलं गवत एखादा दिवस शेतात सुकवायचं, त्याची कुट्टी करायची, दाबून त्यातली हवा काढायची आणि झाकून टाकायचं. मग लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू गवतातल्या साखरेवर काम करतात, सामू (pH) चारच्या आसपास उतरतो आणि कुजणं थांबतं.

यात नवं शास्त्र काही नाही. फ्रान्समध्ये ओगूस्त गोफार यांनी मक्याच्या मुरघासाचे आपले प्रयोग 1877 मध्ये लिहून प्रसिद्ध केले होते. चारा टिकवण्याच्या संशोधनासाठी फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांना 1945 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मग आयर्लंडसारख्या पावसाळी देशात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतकरी वाळल्या गवताच्याच मागे का होता, हा प्रश्न मला निघण्यापूर्वीपासून छळत होता. त्याचं उत्तर मला मिचेल्सटाउनजवळच्या एका शेतावर मिळालं.

शेत एका कुटुंबाचं, गायी शंभरच्या वर. घरातले आजोबा नव्वदीच्या जवळ आलेले, पण बोलणं खणखणीत. मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी हातातली काठी कुरणाकडे केली आणि म्हणाले, "उचलून बघ."

खरंच. वाळलं गवत आपलं पाणी शेतातच सोडून घरी येतं. मुरघासाचं गवत पाण्यासकट घरी न्यावं लागतं. एक दिवस सुकवलं तरी त्यात 70-75 टक्के पाणी असतं, म्हणजे तेवढ्याच चाऱ्यासाठी साधारण तिप्पट वजन उचलायचं. दाताळ्याने आणि घोडागाडीने ते कोण करणार? थोडाफार मुरघास काही जण करत असत, पण कळपाच्या कळप त्यावर जगवायचे तर वजन पेलणारं यंत्र हवं होतं. ते येईपर्यंत शास्त्र कागदावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती यंत्रं बघितली. आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टरला पुढे एक आणि मागे दोन अशी तीन कापणी यंत्रं लावून गवत पाडलं होतं. एका फेरीत साधारण नऊ मीटरचा पट्टा पडतो. कापता कापताच कंडिशनर गवताच्या काड्या ठेचतो, म्हणजे पाणी लवकर सुटतं. सकाळी मोठ्या फिरत्या दाताळ्याने ते पट्टे ओढून जाड ओळी केल्या. दव सुकल्यावर आला हार्वेस्टर. ही स्वयंचलित यंत्रं 500 ते 900 अश्वशक्तीची असतात. पुढचा भाग ओळ उचलतो, रूळ ती दाबून आत ढकलतात, सुऱ्या लावलेला जड ढोल तिची कुट्टी करतो आणि लांब नळीतून ती शेजारून चालणाऱ्या ट्रेलरमध्ये पडते. ट्रेलर भरला की तो सुटतो आणि दुसरा त्याच वेगात त्याची जागा घेतो. हार्वेस्टर थांबत नाही. गवतात तारेचा तुकडा आला तर आतला धातुशोधक क्षणात रूळ अडवतो. त्यामुळे सुऱ्या वाचतात आणि गायीच्या पोटात तार जात नाही. अलीकडच्या काही यंत्रांच्या नळीवर अवरक्त किरणांचा संवेदक बसवलेला असतो. तो जाणाऱ्या गवतातला ओलावा चालता चालता मोजतो, आणि शेताच्या कुठल्या कोपऱ्यात किती उत्पन्न आलं याचा नकाशा यंत्र तयार करतं.

माझे डोळे मात्र खड्ड्याकडेच लागले होते. खड्डा म्हणायची पद्धत. प्रत्यक्षात तो तीन बाजूंनी काँक्रीटच्या भिंती असलेला उघडा हौद असतो. ट्रेलर तिथे रिकामा होतो आणि लोडर चालवणारा माणूस ते गवत पातळ थरात पसरून, त्यावरून पुढे-मागे जात, दाबत राहतो. थर जाड राहिला तर आत हवा अडकते, हवा अडकली तर बुरशी धरते. हार्वेस्टर इतके मोठे झालेत की आता कामाचा वेग शेतात ठरत नाही, तो या दाबणाऱ्या माणसाच्या हाती आहे. घाई केली तर हिवाळ्यात गायी तोंड फिरवतात. टोळीतला सगळ्यात जुना आणि कसबी चालक याच कामावर असतो. त्याच्या उतारावरच्या हालचाली बघताना माझा जीव वर-खाली होत होता, कारण लोडर उलटून अपघात होतात. त्याची नजर एकदाही ढळली नाही.

हौदाच्या तळाशी एक गटार होतं. मुरघासातून झिरपणारं पाणी त्यातून टाकीत जातं. हे पाणी ओढ्यात गेलं तर त्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. घरगुती सांडपाण्याच्या जवळपास दोनशे पट घातक, असा त्याचा हिशेब सांगतात. म्हणूनही गवत एक दिवस सुकवून आणायचं, पाणी कमी सुटतं.

ही टोळी शेतकऱ्याची नव्हती, कंत्राटदाराची होती. आयर्लंडमधला बहुतेक मुरघास कंत्राटदारच करतात. काही लाख युरोंचं यंत्र वर्षातून काही आठवडेच चालणार असेल तर ते एका शेताला परवडत नाही. पूर्वी शेजारी शेजाऱ्याच्या शेतावर सावडीने जात, आज तुझं, उद्या माझं. आता त्यांच्यात वेळापत्रकाचा फोन होतो. उघडीप सगळ्यांना एकाच वेळी मिळते आणि कंत्राटदार एकच असतो. युरोपीय संघाची 1984 पासूनची दुधाची कोटा पद्धत, म्हणजे दुधाच्या उत्पादनावरची मर्यादा, 2015 मध्ये संपली, कळप वाढले, आणि ही ओढाताण आणखी वाढली. यंत्रं मिळतात, चालवणारी तरुण मुलं मिळत नाहीत, हे मी ज्या ज्या कंत्राटदाराशी बोलले त्याने सांगितलं.

सगळं संपलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते, अजून उजेड होता. मग घरातून सगळे बाहेर आले: शेतकरी, त्याची बायको, मुलं, शेजारचा भाऊ. ढिगावर काळं प्लास्टिक ओढायचं आणि जुने टायर मांडायचे. हे काम अजून हातानेच होतं आणि दमवून सोडतं. मीही टायर टाकले. दिवसभरात माणसं एकमेकांशी एवढ्या जवळून बोलताना मी पहिल्यांदा पाहिली. बाकी सगळा दिवस प्रत्येक जण आपापल्या काचेच्या केबिनमध्ये होता.

जुनं काम बघायचं असेल तर किलार्नीला जावं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात मक्रॉसची जुन्या पद्धतीची शेतं जपली आहेत, वीज येण्यापूर्वीच्या 1930-40 च्या दशकांतली. घोड्याने ओढायची कापणी, लाकडी दाताळी, गवताच्या छोट्या गंजी. बघायला सुंदर आहे, पण मी ते सौंदर्य जपून बघितलं. ओलसर राहिलेल्या गवतात बुरशी धरायची आणि हिवाळ्यात तेच गवत सोडताना तिची धूळ छातीत जायची. फुप्फुसाच्या त्या दुखण्याला 'शेतकऱ्याचं फुप्फुस' असंच नाव पडलं आहे. मुरघासाने ही धूळ पुष्कळ कमी केली. जुन्या दिवसांबद्दल हळहळणाऱ्यांनी हे विसरू नये.

घोडा आणि हार्वेस्टर यांच्या मधल्या काळात इथे एक छोटा राखाडी ट्रॅक्टर आला. तो काढणारे हॅरी फर्ग्युसन याच बेटावरच्या काउंटी डाउनचे, जन्म 1884 चा. अवजार ट्रॅक्टरच्या मागे तीन बिंदूंवर जोडून हायड्रॉलिकने उचलायची त्यांची पद्धत आज जगभर चालते. 1946 ते 1956 या काळात त्यांच्या टीई-20 मॉडेलचे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तयार झाले. आपल्या शेतांवर दिसणाऱ्या मॅसी फर्ग्युसनमधलं दुसरं नाव याच माणसाचं. मिचेल्सटाउनच्या आजोबांच्या शेडमध्येही तसा एक राखाडी ट्रॅक्टर होता, आणि तो चालू स्थितीत होता.

पुढे पश्चिमेला मेयो काउंटीत गेले. इथे जमीन खडकाळ, वावरं लहान, दगडी बांधांनी वेढलेली. मोठा हार्वेस्टर फाटकातूनही आत येणार नाही. इथे चालतात गोल गठ्ठे. बॅलिनरोब या छोट्या गावातल्या मॅकहेल कंपनीची यंत्रं गठ्ठा बांधून त्याच यंत्रावर प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. पाऊण मीटर रुंदीची ताणणारी फिल्म, जाडी 25 मायक्रॉनच्या आसपास, किमान चार थर, शक्यतो सहा. एकटा माणूस एका दुपारी आपलं शेत उरकू शकतो. तुकडा छोटा असेल, गवत एकदम तयार झालं नसेल, तर खड्डा उघडावा लागत नाही. 1980 च्या दशकात ही गुंडाळणी आली आणि मेयोसारख्या भागातल्या छोट्या शेतकऱ्याला मुरघास करता येऊ लागला. माझ्या मते या देशात सगळ्यात न्याय्य यंत्र हेच. प्लास्टिकचा प्रश्न मोठा आहे. ते गोळा करून पुनर्वापराला नेण्याची देशभर व्यवस्था आहे, तरी ओढ्याकाठच्या काटेरी कुंपणांवर काळ्या चिंध्या दिसतातच. कावळे चोची मारून भोकं पाडतात, म्हणून काही जण गठ्ठ्यांवर जाळी टाकतात.

इथवर यंत्राने काम सोपं आणि वेगवान केलं, असं मी लिहीत आले. पण त्याने सगळ्यात मोठा बदल तारखेत केला. वाळल्या गवताची कापणी जुलैच्या सुमारास व्हायची, तोवर गवताला तुरे येऊन ते निबर झालेलं असायचं. मुरघास मे अखेरीस कापता येतो. तेव्हा पानं कोवळी असतात, पचायला सोपी. कापणी आठवडाभर लांबली तर पचनीयता दोन-अडीच टक्क्यांनी उतरते, असं इथे धरतात. फरमॉयजवळचं मूरपार्क हे दुग्ध संशोधन केंद्र वर्षानुवर्षं हेच सांगत आलंय. लवकर कापलं की सहा-सात आठवड्यांनी दुसरी कापणी मिळते. हिवाळी दुधाचं आणि गायीच्या तब्येतीचं गणित या तारखेवर उभं आहे.

आणि याच तारखेने एक पक्षी जवळजवळ संपवला. कॉर्नक्रेक आफ्रिकेतून येतो आणि उंच गवतात जमिनीवर घरटं करतो. अंडी आणि पिल्लं मे ते ऑगस्ट या काळात. जुलैच्या कापणीतून निदान पहिली वीण तरी सुटायची. मेच्या कापणीतून काही सुटत नाही, आणि बाहेरून आत कापत येणाऱ्या यंत्राने पिल्लं मधल्या शेवटच्या पट्ट्यात कोंडली जातात. एकेकाळी देशभर ऐकू येणारा हा पक्षी आता डोनेगल, मेयो आणि गॉलवेच्या किनारी भागांपुरता आणि बेटांपुरता उरला आहे.

बेलमुलेटजवळच्या रस्त्यावर मध्यरात्री मी त्याला ऐकलं. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखी कोरडी करकर, दोन-दोनदा, तासभर. पक्षी दिसला नाही. सकाळी त्याच वावराच्या मालकाला भेटले. तो ऑगस्टपर्यंत तुकडा कापत नाही, त्याबद्दल त्याला संवर्धन योजनेतून पैसे मिळतात. कापतो तेव्हा मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, सावकाश, म्हणजे पिल्लांना बांधाकडे पळता येतं. ते निबर गवत तो मांसाच्या गुरांना घालतो. दुभत्या गायी असत्या तर परवडलं नसतं, असं त्याने सरळ सांगितलं. मला त्याचा हा सरळपणा आवडला. कॉर्नक्रेक मेयोत टिकला आणि गोल्डन व्हेलमधून गेला, त्यामागे हेही एक कारण आहे.

हवेपुढे यंत्राची मर्यादाही इथे सगळ्यांना ठाऊक आहे. 2013 चा वसंत थंड निघाला, गवत वाढेना, साठा संपला आणि इंग्लंड-फ्रान्सहून जहाजाने वाळलं गवत आणावं लागलं. तेव्हापासून पुष्कळ जण एका हिवाळ्यापेक्षा थोडा जास्तच साठा ठेवतात.

कोणाला जायचं असेल तर मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा गाठावा. मक्रॉसची शेतं हिवाळ्यात बंद असतात. गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर भरलेले ट्रेलर वेगाने येतात, त्यांना वाट द्यावी आणि चालू यंत्राच्या शेतात विचारल्याशिवाय पाऊल ठेवू नये. शेतकरी बोलके आहेत, पण उघडीप असताना त्यांना गाठू नका. पाऊस लागला की हवं तेवढं बोलतात. कॉर्नक्रेक ऐकायला रस्त्यावरच थांबा, गवतात शिरू नका आणि त्याला बोलवायला फोनवर त्याचा आवाज मुळीच वाजवू नका.