आमची वाटचाल : कौल, चुना आणि काजळी

मोडलेल्या घरांतून उरलेल्या वस्तू चुन्यात बसवून आम्ही भिंतीवर लावायच्या चौकटी करतो. सुरुवात आमच्याच घरापासून झाली. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आलं आणि आमची पुढची पडवी रस्त्यात गेली, माजघर अर्धं. कणकवली तालुक्यातलं मातीच्या भिंतींचं घर. माझ्या लहानपणी हा रस्ता 17 नंबरचा होता, पुढे 66 झाला. मोबदल्याची कथा वेगळी. ती सांगत बसले तर हा मजकूर संपायचा नाही.

मी तेव्हा मुंबईत एका फ्लेक्सवाल्याकडे डिझाइनं करायचे. सुट्टी टाकून आले आणि घर उतरवणाऱ्यांच्या हातापाया पडून देवघराची चौकट, चार खुंट्या, आजीच्या दोन वाकळा आणि शंभर-दीडशे कौलं बाजूला काढली. तेवढंच भांडवल. पहिलं काम त्या चौकटीतच केलं: आत चुना, चुन्यात रुतवलेला वाकळीचा तुकडा, वर हुरमुंजी, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाची रेघ. आजी बघून म्हणाली, "अगो, मोडलेला घर भिंतीर कित्याक लावतंस?" लावायला भिंत तरी कुठे होती! मागच्या उरलेल्या घरावर पत्रे घातले आणि तिथेच वर्कशॉप सुरू केलं.

आमच्याकडच्या आणि गोव्यातल्या काही जुन्या देवळांत कावीकाम दिसतं. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. बघताना सोपं वाटतं. मी प्लायवुडवर बाजारातली चुन्याची फक्की थापली होती, ती पहिल्याच आषाढात पापुद्रे धरून खाली आली. शेवटी कळीचा चुना आणून महिनाभर पाण्यात मुरवायला लागलो, त्यात चाळलेली वाळू, आणि एकेक थर नखाएवढा पातळ. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत सावकाश घट्ट होतो. पंखा लावून घाई केली की भेगा. म्हणून पावसाळ्यात कुणी "कधी मिळेल?" विचारलं की आमचं एकच उत्तर असतं, दिवाळीनंतर.

गिऱ्हाईक बहुतेक चाकरमानी. गावचं घर पडलं, विकलं किंवा वाटणीत गेलं की पिशवीत काहीतरी घेऊन येतात: कडी, पाट, आईचं लुगडं. कौल आणणारे ते उलटं करून 1865 हा आकडा दाखवतात. "बघा, दीडशे वर्षांपूर्वीचं!" तो आकडा कौलाच्या वयाचा नसतो. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना 1865 साली काढला, आणि तेच साल पुढे वर्षानुवर्षं ठशात राहिलं. हे सांगितल्यामुळे आमच्या दोन ऑर्डरी गेल्या. तरी सांगते.

एकदा कुरियरने पाठवलेलं काम पुण्याला पोचलं ते कौलाचे सात तुकडे होऊन. तेव्हापासून कौल असलेली चौकट रात्रीच्या एसटीने आम्हीच नेतो, मांडीवर ठेवून.

आज आम्ही चौघं आहोत. मी, शिवणकाम करणाऱ्या दोघी आणि एक सुतारकाका, जे मला अजून "फ्लेक्सवाली" म्हणतात. उभ्या घरातलं काही उपटून आणलेलं आम्ही घेत नाही. चुलीची काजळी धूत नाही. धुऊन हवी असेल तर दुसरीकडे करा म्हणून सांगतो. फ्रेमवाल्या दुकानांना हे पटत नाही, आणि धंद्याच्या हिशेबाने त्यांचंच बरोबर असेल.

यंदा तिघा भावांची एकच ऑर्डर आली. घर एक, चौकटी तीन, आणि प्रत्येकाला वडिलांची खुंटी हवी. खुंट्या दोनच. तिसरीच्या जागी भिंतीचा ढेपसा निघाला होता, त्यात खुंटीचं भोक आणि भोवती सदरा घासून गुळगुळीत झालेली माती. चिठ्ठ्या टाकू म्हणाले. सुतारकाका कागद फाडत होते तेवढ्यात थोरला म्हणाला, "मला भोकवाली द्या."