केशरी मफलर

थंडी पडली की बाबा माळ्यावरच्या ट्रंकेतून तो केशरी मफलर काढतात आणि पहाटे गळ्याला गुंडाळून हनुमान टेकडीवर जातात. परवा तिथल्या कट्ट्यावर कुणीतरी विचारलं, "काय काका, यंदा कुठल्या प्रभागातून?" महापालिकेच्या निवडणुकीचे दिवस, त्यात गळ्यात केशरी कापड, त्यामुळे विचारणाऱ्याचं काही चुकलं नाही. बाबांनी मफलर उलगडून त्यावरची अक्षरं दाखवली आणि म्हणाले, "छे हो, हा फुटबॉलचा. मुलाचा क्लब होता. वारला."

घरी येऊन त्यांनी हे हसत सांगितलं. मीही हसलो. पण 'वारला' हा शब्द दिवसभर डोक्यात राहिला, कारण एक क्लब वारला असता तर समजण्यासारखं होतं. आम्ही पुणेकरांनी बारा वर्षांत चार पोचवले.

पहिला पुणे एफसी. 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने काढला, दोन वर्षांत वर चढला आणि 2009-10 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, पहिल्याच हंगामात तिसरा आला. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. 2012-13 मध्ये तर दुसरा नंबर, पुढे फक्त गोव्याचेच चर्चिल ब्रदर्स. टोपणनाव 'रेड लिझर्ड्स'. आता लिझर्ड म्हणजे कोशात काहीही असो, पुण्यात आम्हाला सिंहगड चढणारी यशवंती घोरपडच आठवणार. कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल बालेवाडीच्या मैदानावर यायचे तेव्हा पुण्यातले सगळे बंगाली सॉफ्टवेअरवाले त्यांच्या बाजूने ओरडायचे आणि आम्ही आपल्याच गावात पाहुण्यांसारखे बसायचो. आमच्याकडे एक आराता इझुमी होता. जन्म जपानचा, वडील भारतीय वंशाचे. त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय घेतलं आणि 2013 मध्ये भारताकडून खेळला. माणूस देश बदलून आमच्यात आला याचं आम्हाला कोण अप्रूप! 2015 मध्ये क्लबच आवरला. इझुमीच्या हातात पासपोर्ट तरी राहिला.

त्याच सुमारास कल्याणी समूहाचा भारत एफसी निघाला. नाव एवढं मोठं की शहरात मावेना. एक हंगाम खेळून गेला. मग डीएसके शिवाजीयन्स. त्यांची लिव्हरपूलबरोबर अकादमी होती, त्यामुळे माझ्या एका भाच्याने काही महिने 'मी लिव्हरपूलला आहे' असं सांगून शाळेत भाव खाल्ला. आय-लीगचे दोन हंगाम, 2017 ला तोही क्लब संपला. या दोघांचं मला फार दुःख झालं असं म्हणणं ढोंग होईल. नात्यातलं मूल बारशाआधीच गेल्यासारखं ते होतं. लोक हळहळतात, पण कुणी सुतक धरत नाही.

खरा जीव गुंतला तो चौथ्यात. मफलर त्याचाच.

एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आयएसएलबरोबरच, म्हणजे इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हाच, आला. मालकांत हृतिक रोशन, पहिल्या वर्षीच्या संघात डेव्हिड ट्रेझेगे. विश्वचषक जिंकलेला फ्रेंच माणूस बालेवाडीत! मी आणि ऑफिसमधले दोघं, आम्ही हिंजवडीहून थेट यायचो, पाठीवर लॅपटॉपची सॅक घेऊन. तिथल्या मैदानाची एक गंमत आहे. ते 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं संकुल, त्यामुळे प्रेक्षक आणि हिरवळ यांच्यामध्ये धावण्याचा रुंद ट्रॅक. पलीकडच्या टोकाला गोल झाला की चेंडू दिसायचा नाही, खेळाडू पळत सुटलेले दिसायचे. कुठल्या बाजूचे पळताहेत ते बघून आम्ही ओरडायचं की गप्प बसायचं ते ठरवायचो.

पहिली तीन वर्षं काही खरं नव्हतं. 2017-18 ला मात्र संघ जमला. मार्सेलिन्यो, अल्फारो, गोलात विशाल कैथ, आणि डावीकडून पळणारा आशिक कुरुनियन. पहिल्यांदाच उपांत्य फेरी. मार्च 2018, समोर बंगळूर. बालेवाडीतला सामना शून्य-शून्य सुटला आणि आम्ही महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर भुर्जीपाव खात हिशेब मांडले, की तिकडे एक गोल जरी मारला तरी काम होतंय. तिकडे आम्ही एक मारला. त्यांच्या सुनील छेत्रीने तीन मारले.

पुढच्या वर्षी सगळं बिघडलं. प्रशिक्षक तीन सामन्यांत गेला, मग हंगामी, मग इंग्लंडहून फिल ब्राउन. संघ सातवा. त्या सबंध वर्षात आम्ही केलेल्या काळज्या आठवल्या की आज लाज वाटते. डावा बचावपटू बसवावा का? अल्फारोला वय झालंय का? गोलकीपर पुढे फार येतो का? रात्री एक-एक वाजेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर वाद. आणि या सगळ्या वेळात मालकांकडे पैशाची ओढाताण सुरू होती. पगार थकल्याच्या बातम्या येत होत्या. आम्ही त्या वाचायचो आणि पुन्हा डाव्या बचावपटूवर यायचो. घराला वाळवी लागलेली असताना पडद्याच्या रंगावरून भांडावं, तसं.

ऑगस्ट 2019 मध्ये कळलं की पुण्याच्या जागी आता हैदराबाद खेळणार. नवे मालक, नवं नाव, नवं गाव. फिल ब्राउन आणि मार्सेलिन्यो तिकडेच गेले. त्याच महिन्यात दिल्लीचा डायनामोज भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. सरकारी नोकरांच्या बदल्यांची यादी लागते ना, तशी. आम्हाला कुणी पत्र पाठवलं नाही, सभा घेतली नाही, शेवटचा सामना अमुक म्हणून सांगितलं नाही. शेवटचा सामना शेवटचा होता हे आम्हाला सहा महिन्यांनी समजलं.

तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की आम्ही चाहते वगैरे काही नव्हतो, आम्ही भाडेकरू होतो. तेही पुण्याच्या जुन्या वाड्यातले पागडीवाले नव्हे, ज्यांना काढताना मालकाच्या नाकी नऊ येतात. अकरा महिन्यांच्या करारावरचे. घर आपलं म्हणून आपण भिंतीला खिळे ठोकायचे, दारात तुळस लावायची, आणि करार संपला की मालकाने म्हणायचं, मुलगा अमेरिकेहून परत येतोय. यावर आम्ही काय केलं? इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मालकांनी दुसऱ्या गावी न्यायचं ठरवलं तेव्हा तिथल्या लोकांनी 2002 मध्ये स्वतःचा नवा क्लब काढला, बऱ्याच खालच्या लीगपासून खेळायला सुरुवात केली आणि नऊ वर्षांत तो वर आणून दाखवला. आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव बदललं. 'ऑरेंज'चं 'संडे टर्फ' झालं.

मार्च 2022 मध्ये हैदराबादने गोव्यात फातोर्ड्याला पेनल्टींवर आयएसएल जिंकली. मी सामना पाहिला. विकलेल्या घरावरून रिक्षाने जाताना नव्या मालकाने लावलेला रंग दिसावा आणि रंग बरा आहे हे कबूल करावं लागावं, तसं काहीतरी वाटलं. आता 2025 मध्ये तो हैदराबादचा क्लबही उठून दिल्लीला गेला. ज्या दिल्लीतून 2019 ला एक क्लब हलवला होता, तिथेच. ही उसनवारी कुणाची कुणाला फिटतेय, देव जाणे.

एवढ्या अनुभवामुळे मित्रमंडळीत मला आता मान आहे. मुंबईचा एक जुना दोस्त, मुंबई सिटीचा कट्टर, त्याचा जुलै 2025 पासून दर आठवड्याला फोन. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी लोक ज्याचं झालंय त्याला फोन करतात, त्या सुरात. "तुमचं कसं सुरू झालं होतं रे? आधी काय लक्षणं दिसली?" त्याची काळजी खोटी नाही. भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये पंधरा वर्षांसाठी केलेला सातशे कोटींचा व्यावसायिक हक्कांचा करार डिसेंबर 2025 ला संपणार म्हणून आयोजकांनी जुलैमध्येच आयएसएल थांबवली. महासंघाने निविदा काढल्या तर नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. आणि डिसेंबरात मँचेस्टर सिटीवाल्या समूहाने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. म्हणजे ज्या क्लबने दोनदा आयएसएल जिंकली, 2022 मध्ये आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या संघाला हरवून तिथे सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान घेतला, त्याच्या चाहत्याला विचारावं लागतंय की लक्षणं काय.

मी त्याला म्हटलं, "पगाराच्या बातम्या वाच, बचावपटूच्या नको." मग राहवेना म्हणून आणखी एक म्हटलं, "आणि तुमच्याकडे महिंद्रा युनायटेड होता, आठवतोय का?" कूपरेजवर खेळायचा. 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकला, 2010 ला बंद झाला. संघ वाईट होता म्हणून नव्हे; कंपनीने ठरवलं की पैसा दुसरीकडे लावावा, एवढंच. मुंबई एफसी 2017 ला आय-लीगमधून उतरला तो परत आलाच नाही. दोस्त थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुला फोन करून बरं वाटेल असं वाटलं होतं."

कोल्हापूरच्या माणसाशी हे बोलायची सोय नाही. माझ्या बायकोचं माहेर तिथलं. मेहुण्याला मी एकदा जेवताना हे सगळं रामायण सांगितलं. तो तांबड्या रश्शाची वाटी पुढे सरकवत म्हणाला, "म्हंजे दाजी, क्लब बंद पडतोय म्हंजे नेमकं काय हुतंय?" त्याला प्रश्नच कळत नव्हता. त्याच्या मते पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार हे तिथले फुटबॉल संघ म्हणजे काय कुणी काढलेली, विकता येणारी वस्तू आहे? ती पेठ आहे. पेठेत माणूस जन्मतो, तालमीत जातो, संध्याकाळी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून समोरच्या पेठेला शिव्या देतो. पैसा नसला तर वर्गणी काढतात, असला तर नायजेरियाचा खेळाडू आणतात. "तालीम कुठं जाणार? सांगलीला?" असं म्हणून तो एवढा हसला की त्याला ठसका लागला.

त्यांची काळजी निराळी. गॅलरीत हुल्लडबाजी होऊ नये, दगड पडू नयेत, नाहीतर स्पर्धा थांबते आणि हंगाम अर्धवट राहतो. आमच्याकडे प्रेक्षक जागेवर आणि क्लब गायब; त्यांच्याकडे क्लब जागेवर आणि प्रेक्षकच जास्त. मला त्यांचा हेवा वाटतो हे खरं, पण तेवढंच. माझ्या सोसायटीत वर्गणी म्हटलं की लोक लिफ्टऐवजी जिन्याने जातात. आमच्या 'सी' विंगची तालीम कोण काढणार?

तर मफलर. आता त्याची एक कड उसवली आहे. आईने मध्यंतरी तो मिक्सर पुसायच्या फडक्यांत टाकला होता, बाबांनी परत काढून धुऊन घेतला. मला वाटलं ऊब चांगली आहे म्हणून. काल खरं कारण कळलं. टेकडीवर एक पंचविशीतला मुलगा पळायला येतो, त्याने मफलर ओळखला. थांबून म्हणाला, "काका, तुम्हीसुद्धा? मी बंगळूरच्या सेमीफायनलला होतो!" आणि बाबा, ज्यांनी आयुष्यात बालेवाडीची पायरी चढलेली नाही, जे मी सामन्याला निघालो की 'पेट्रोल काय भाव आहे माहितीये का' असं विचारायचे, ते म्हणाले, "मी पण होतो ना. काय गर्दी होती!" तेव्हापासून तो मुलगा रोज थांबतो आणि दोघं दहा मिनिटं कट्ट्यावर बसतात.

रात्री मी झोपायला निघालो तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"अरे, तो आपला कोण, डावीकडून पळायचा तो?"

"आशिक."

"आशिक. आणि त्या छेत्रीने तिकडे किती घातले? तीन ना?" त्यांनी पेपरच्या कोपऱ्यावर काहीतरी टिपून घेतलं. "आणि इथे शून्य-शून्य. हां. म्हणजे इथे आपण हरलो नव्हतो."