सराव-नोंद : पोस्टकार्डाआडचा डबल टॉप

गेले तीन आठवडे एकाच चार्टवर बसलोय. निफ्टी (शेअर बाजाराचा निर्देशांक), डेली (दर दिवशी एक कॅन्डल, म्हणजे त्या दिवसाच्या किमतींची उभी पट्टी), ऑक्टोबर २०२१ ते जून २०२२. कागदावर छापून घेतला, उजवी बाजू पोस्टकार्डाने झाकली. रोज रात्री आठ-दहा कॅन्डल उघडायच्या आणि प्रत्येक कॅन्डलपुढे त्या क्षणी काय वाटतं ते वहीत लिहायचं.

पहिला टॉप १९ ऑक्टोबरला १८,६०४. मग घसरण, २० डिसेंबरला १६,४१०. तिथून १८ जानेवारीला १८,३५०. पुढच्या तीन लाल (घसरणीच्या) कॅन्डल दिसल्या आणि मी वहीत ठसठशीत लिहिलं : 'डबल टॉप', म्हणजे जवळपास सारख्या उंचीची दोन शिखरं आणि पुढे घसरणीचा इशारा. घाई झाली. नेकलाइन, म्हणजे दोन शिखरांमधल्या तळाची पातळी, १६,४१० वर होती आणि किंमत तिच्यापासून अजून बरीच वर होती. जानेवारीअखेर १६,८३६ पर्यंत येऊन चार्ट परत १७,७०० च्या वर गेला. आता पॅटर्नचं नाव क्लोजिंग (दिवसाची बंद किंमत) नेकलाइनखाली गेल्यावरच लिहितो, तोवर फक्त 'दुसरा हाय, पहिल्यापेक्षा खाली'.

खरा धडा २४ फेब्रुवारीच्या कॅन्डलमध्ये मिळाला. युक्रेनवर हल्ला झाला त्या दिवशी निफ्टी ८१५ अंकांनी पडून १६,२४८ ला बंद झाला. नेकलाइन तुटली. कार्ड एक घर सरकवलं तर दुसऱ्याच दिवशी क्लोजिंग १६,६५८, पुन्हा नेकलाइनच्या वर! या कॅन्डलवर मी दोन रात्री अडकलो. पहिल्या रात्री लिहिलं 'फसवा ब्रेकडाउन' (नेकलाइन तुटणं खोटं ठरलं), दुसऱ्या रात्री ते खोडून 'रिटेस्ट (तुटलेल्या नेकलाइनला परत येऊन शिवणं) असू शकतो, थांब'. ८ मार्चला १५,६७१ चा लो आला तेव्हा थांबणं बरोबर होतं हे कळलं. इंडेक्सच्या व्हॉल्यूमवर (व्यवहारांच्या आकड्यावर) मी फारसा भरवसा ठेवत नाही, त्यामुळे ठरवायला क्लोजिंगशिवाय हाताशी काहीच नव्हतं.

टार्गेटचं, म्हणजे घसरण कुठवर अपेक्षित आहे याचं, गणित सरळ आहे : १८,६०४ वजा १६,४१० म्हणजे २,१९४, ते नेकलाइनमधून वजा केले की १४,२१६. मार्चच्या लोनंतर मात्र ४ एप्रिलला निफ्टी १८,१०० च्या वर जाऊन आला. घसरणीवर सौदा करून पूर्ण टार्गेट धरून बसणाऱ्याचा स्टॉपलॉस (तोटा थांबवायला सौद्यातून बाहेर पडायची किंमत) नेकलाइनच्या जरा वर असता, तर तो केव्हाच उडाला असता. १७ जूनला तळ लागला तो १५,१८३ ला, पूर्ण टार्गेटच्या बराच वर. म्हणून वहीत आता टार्गेटच्या निम्म्या अंतरावरही एक रेघ मारतो. इथे ती १५,३१३ वर येते.

पुढच्या आठवड्यात हाच कागद, पण वीकली कॅन्डलवर. २५ फेब्रुवारीला शुक्रवार होता आणि त्या दिवशीचं क्लोजिंग नेकलाइनच्या वर होतं, म्हणजे तो गोंधळात टाकणारा ब्रेकडाउन वीकली क्लोजिंगमध्ये दिसणारच नाही. तिथे नेकलाइन कुठल्या आठवड्यात तुटली ते आधी शोधायचं आहे.