कॉन्फरन्सच्या हॉटेलात रात्री दीड वाजता माझं दार उघडलं

मी बॅकएंडचं, म्हणजे ॲप किंवा साइटच्या मागे चालणाऱ्या सर्व्हरचं काम करते. डिस्ट्रिब्युटेड लॉक हा गेली काही वर्षं माझा रोजचा विषय, म्हणजे एकच काम करायला दोन सर्व्हर एकदम धावले तर कोणाला करू द्यायचं आणि कोणाला अडवायचं. याच विषयावर एका कॉन्फरन्समध्ये माझा टॉक होता, सकाळच्या पहिल्याच सेशनला. स्पीकर्सची राहायची सोय आयोजकांनी केलेली, मेलमध्ये त्याला ऑफिशियल हॉटेल म्हटलेलं, रूम्सचा ब्लॉक घेऊन सगळ्यांची नावं एका रूमिंग लिस्टमध्ये हॉटेलला पाठवलेली. आदल्या संध्याकाळी पोहोचायचं, डेमो एकदा चालवून बघायचा आणि झोपायचं, एवढंच डोक्यात होतं.

झालं ते क्रमानेच सांगते, कारण यातली एकेक गोष्ट पुढच्या गोष्टीला जोडलेली आहे.

पोहोचायला उशीर झाला होता. रिसेप्शनवर लिस्टमध्ये माझं नाव सापडेना, त्यात बराच वेळ गेला, शेवटी आडनावाच्या कॉलममध्ये पहिलं नाव टाकलेलं निघालं. मग रूम मिळाली. आत गेले तर बेडवर ओला डाग, वर बघितलं तर एसीतून पाणी ठिबकतंय, थेट उशीवर. फोन केला, थोड्या वेळाने रूमबॉय आला, हातात नवीन कार्ड, म्हणाला मॅडम तुम्हाला वरच्या मजल्यावरची दुसरी रूम दिलीय, चला. मी सामान उचललं आणि गेले. कुठे सही नाही, कुठे काही नाही.

दुसऱ्या रूमचा एसी बरा होता. दार बरं नव्हतं. आतून फिरवायचा बोल्ट असतो ना, तो फिरायचा पण चौकटीतल्या खाचेत जायचाच नाही, दार खाली झुकलेलं, त्यामुळे बोल्ट खाचेच्या खालच्या पत्र्यावर आपटायचा. वरची कडी होती तिचा एक स्क्रू गायब आणि दुसरा हाताने हलत होता. मी एकटी प्रवास करते तेव्हा रूममध्ये शिरल्याशिरल्या हेच आधी बघते, बाथरूम नंतर. परत फोन केला. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, मेंटेनन्सवाले घरी गेले मॅडम, सकाळी पहिलं काम तुमचंच करून देतो, आणि काळजी करू नका, कार्डशिवाय दार उघडतच नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा.

मग वायफाय. लॉगिनच्या पानावर आडनाव आणि रूम नंबर मागत होते. मी नवीन रूमचा नंबर टाकला, चालेना. आडनावाच्या जागी नाव टाकून बघितलं, तरी नाही. मग सहज म्हणून जुन्या, एसी गळणाऱ्या रूमचा नंबर टाकला आणि लगेच कनेक्ट झालं. मी या क्षेत्रात काम करते म्हणून माझ्या लगेच लक्षात आलं की वायफायचं लॉगिन हॉटेलच्या मुख्य सिस्टिमला विचारून होतं आणि त्या सिस्टिमच्या मते मी अजून खालच्याच मजल्यावर आहे, म्हणजे मी ज्या रूममध्ये बसलेय ती त्यांच्या हिशोबात रिकामी आहे. तिसऱ्यांदा खाली फोन केला आणि हे स्पष्ट शब्दात सांगितलं, की अहो माझं नाव अजून जुन्या रूमवरच दिसतंय, ते बदलून घ्या. हो मॅडम, अपडेट होऊन जाईल, असं उत्तर आलं. होऊन जाईल म्हणजे कोण करणार, हे त्यात नव्हतं.

वायफाय लागलं तरी उपयोग नव्हताच. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11, आणि इथे मला दिसत होते ते सगळे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारे डबे, 6 वरच बसवलेले, म्हणजे एकमेकांच्या आवाजात अडकलेले. डेमोसाठी एक कंटेनर इमेज, म्हणजे प्रोग्रॅमची तयार मोठी फाइल, खेचायची होती ती अर्ध्यात तुटायची, शेवटी फोनच्या हॉटस्पॉटवर घेतली. भिंतीपलीकडे सर्व्हिस लिफ्ट होती, तिची मोटर दर थोड्या वेळाने घरघरायची. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्येच सांगून ठेवलंय की झोपायच्या खोलीत सलग आवाज 30 डेसिबलच्या वर नको. माझ्या फोनवरचं ॲप काही अचूक म्हणता येणार नाही पण ते चाळिशीच्या खाली एकदाही आलं नाही.

नवीन जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण त्यामागे शरीराचं कारण आहे. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग गाढ झोपेतही उजव्यापेक्षा सावध राहतो, आवाज झाला की पटकन उठवतो. म्हणजे टॉकच्या आदल्या रात्री स्पीकरला आणून अशा खोलीत ठेवलं की त्याची झोप आधीच अर्धी गेलेली असते, उरलेली हॉटेलने सांभाळायची असते. मी बॅग आणि खुर्ची दाराला टेकवून ठेवली आणि पडले.

दीडच्या सुमाराला लॉकचा तो बारीक आवाज आला, टिक, आणि दार उघडलं. खुर्ची फरशीवर घासत मागे आली, बॅग पडली आणि कॉरिडॉरचा उजेड सरळ माझ्या तोंडावर. दारात एक माणूस, पाठीवर सॅक. मी किंचाळले. किती जोरात ते मला सांगता येणार नाही, पण समोरच्या रूमचं दार उघडलं. तो माणूस दोन पावलं मागे सरकला, दोन्ही हात वर, सॉरी सॉरी मॅडम, मला हाच नंबर दिलाय, हे बघा, आणि कार्डचं पाकीट पुढे केलं, त्यावर पेनने माझ्याच रूमचा नंबर लिहिलेला. तोही कॉन्फरन्सलाच आलेला, रात्रीच्या फ्लाइटने. घाबरला तोही होता, त्याची काहीच चूक नव्हती आणि तो अगदी सभ्यपणे वागला, पण त्या क्षणी दारात कोण उभं आहे हे मला माहीत नव्हतं आणि कार्डशिवाय दार उघडत नाही म्हणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. हात कापत होते, स्वेटर उलटा घातला गेला, तशीच खाली गेले.

नाइट ड्युटीवर एकच मुलगा. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला मॅडम इथे ही रूम व्हेकंट दिसतेय, म्हणून मी यांना दिली. खरं बोलत होता. संध्याकाळच्या शिफ्टने मला कार्ड दिलं पण बदल सिस्टिममध्ये टाकलाच नाही. कार्ड बनवायचं यंत्र वेगळं, त्यात रूम नंबर हाताने टाकायचा, ते मुख्य सिस्टिमला काही विचारत नाही आणि काही सांगतही नाही. दोन नोंदी, एकमेकींना न ओळखणाऱ्या, आणि मधला पूल म्हणजे थकलेला माणूस. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक खरोखर वापरतात त्या सिस्टिममध्ये, असं काही दिसलं तर मी त्या दिवशी दुसरं काम करत नाही.

त्याच्या सोबत वर आले, सामान घ्यायला, तर माझं कार्ड चालेना. लाल लाइट. परत लावलं, परत लाल. मुलगा गोंधळला, कार्ड खराब झालं असेल म्हणाला. कार्ड खराब झालेलं नव्हतं. अशी बहुतेक लॉक बॅटरीवर चालतात, कुठल्याही नेटवर्कला जोडलेली नसतात. मग दाराला कसं कळणार की जुना पाहुणा गेला आणि नवा आला? नव्या पाहुण्याचं कार्ड बनवताना त्यात क्रमातला पुढचा कोड जातो, ते कार्ड पहिल्यांदा लावलं की लॉक तो कोड लक्षात ठेवतं आणि आधीची पाहुण्यांची कार्डं तिथल्या तिथे बाद करतं. त्याच पाहुण्याला दुसरं कार्ड हवं असेल तर डुप्लिकेट बनवायचं असतं, त्याने कोड पुढे सरकत नाही. त्या माणसाला नवीन कार्ड दिलं होतं, त्याने ते लावलं, आणि त्या क्षणी माझ्याच रूमसाठी मी जुनी पाहुणी झाले. माझे कपडे, लॅपटॉप, औषधं आत आणि आत जायचा हक्क कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या खिशात. त्याने आपलं कार्ड लावून मला दार उघडून दिलं.

कार्डाच्या कुलपाचा शोधच मुळात यासाठी होता. 1970 च्या दशकात नॉर्वेच्या टॉर सोर्नेस यांनी भोकं पाडलेलं प्लॅस्टिकचं कार्ड काढलं, 32 जागा, प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही, म्हणजे 400 कोटींच्या वर वेगवेगळ्या किल्ल्या. आधीच्या पाहुण्याने किल्ली नेली तरी पुढच्याला धोका नको, हा विचार. तो विचार त्या रात्रीसुद्धा तंतोतंत चालला, फक्त उलट्या माणसावर.

मला तिसरी रूम दिली. तिचा बोल्ट मी आत सामान न्यायच्या आधी लावून बघितला, नीट बसत होता. आतून बोल्ट लावलेला असला की साधं गेस्ट कार्ड चालत नाही, इमर्जन्सीचं लागतं. म्हणजे आधीच्या रूमचा बोल्ट खाचेत गेला असता तर रिसेप्शनने कितीही गोंधळ घातला तरी दार उघडलं नसतं. झोप काही परत आली नाही. पहाटेपर्यंत स्लाइड्स बघत बसले, दिसत काहीच नव्हतं.

टॉक बरा झाला, डेमो चालला. शेवटी प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं की लॉकची मुदत संपलीय हे जुन्या क्लायंटला, म्हणजे आधी लॉक घेतलेल्या प्रोग्रॅमला, कळलंच नाही आणि तो डेटा लिहायला आला तर? हा प्रश्न नेहमी येतो. 2016 मध्ये संशोधक मार्टिन क्लेपमन आणि रेडिस या डेटाबेसचे कर्ते साल्व्हातोरे सानफिलिप्पो यांच्यात रेडलॉक या रेडिसवरच्या लॉकच्या पद्धतीवरून जाहीर वाद झाला तो याच्याच आसपास होता, आणि क्लेपमन यांचं उत्तर होतं फेन्सिंग टोकन, म्हणजे लॉक देताना दर वेळी वाढता नंबर द्यायचा आणि स्टोरेजने आधी पाहिलेल्यापेक्षा लहान नंबर आला की नाकारायचा. मी नेहमीसारखं सांगायला लागले आणि मधेच थांबले, मग रात्रीचं सगळं सांगितलं, दार, कार्ड, लाल लाइट. म्हटलं दाराने काहीही चुकीचं केलं नाही, मोठा नंबर आला तो आत घेतला, लहान नाकारला. टोकन तुम्हाला जुन्या मालकापासून वाचवतं, टोकन देणाऱ्याकडेच शिळी माहिती असेल तर ते चुकीच्या माणसासाठीसुद्धा तितक्याच चोख दार उघडतं, त्यामुळे देण्याआधीची नोंद ताजी आहे की नाही हे वेगळं तपासावं लागतं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही, याचं मला बरं वाटलं.

खाली उतरले तर दोन जणी थांबलेल्या. एक म्हणाली माझाही बोल्ट बसत नाही, मला वाटलं मलाच लावता येत नाहीये. दुसरीने रात्रभर टेबल सरकवून ठेवलेलं. तेव्हा मात्र मला जो राग आला तो रात्रीच्या भीतीपेक्षा मोठा होता. आयोजकांपैकी जी मुलगी स्पीकर्सचं बघत होती तिला घेऊन आम्ही हॉटेलवर गेलो आणि मॅनेजरला बरोबर घेऊन ब्लॉकमधल्या रूम्स एकेक करत बघितल्या, ज्यांनी दार उघडलं त्यांच्या. त्या वरच्या मजल्यावर बऱ्याच दारांची तीच कथा, झुकलेली, खाच खालीवर. ती मुलगी रडवेली झाली, म्हणाली आम्ही हॉटेल बघायला आलो होतो हो, पण आम्हाला हॉल आणि लॉबीच दाखवली. मी तिला म्हटलं तुला दोष देत नाहीये, पण करार करायच्या आधी तुमच्यातल्या कोणीतरी इथे एक रात्र झोपायला हवं होतं. दुपारी सुतार आला. चौकटीतला पत्रा काढायचा, खाच थोडी खाली घ्यायची, पत्रा परत बसवायचा. एका दाराला दहा-पंधरा मिनिटं लागत होती.

मॅनेजरने त्या रात्रीचे पैसे परत देऊ केले आणि वर पुढच्या वेळी मोफत राहायचं कूपन. पैसे आयोजकांना द्या म्हटलं, कूपन घेतलं नाही. मला लेखी हवं होतं की रूम बदलली तर सिस्टिममध्ये नोंद झाल्याशिवाय कार्ड बनणार नाही आणि पाहुण्याने बोल्ट बिघडल्याचं सांगितलं तर त्याच रात्री रूम बदलून मिळेल. काही दिवसांनी मेल आला. बोल्टबद्दल हो म्हटलंय, कार्डाचं यंत्र मुख्य सिस्टिमला जोडायचं काम व्हेंडरकडे दिलंय, तोपर्यंत ड्युटीवरचा माणूस रजिस्टरमध्ये लिहून सही करेल. आयोजकांनी पुढच्या वर्षीच्या हॉटेलच्या करारात बोल्टचा मुद्दा घातलाय आणि तो मसुदा मला वाचायला पाठवलाय, त्यात मी एक ओळ वाढवली, रात्रपाळीला रिसेप्शनवर किमान दोन माणसं.