कढी-भाताचं ताट : काठ, उतार आणि हळद

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरात जेवण हाताने, आणि बहुतेक दिवस ताटात भात नि माशाची कढी. त्यामुळे स्टोनवेअरचं, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या घट्ट मातीचं, ताट घडवताना मी एकच गोष्ट धरून बसलोय : शेवटचा भात बोटांनी गोळा करता आला पाहिजे. सपाट प्लेटमध्ये तो पुढे पुढे सरकतो. स्टीलच्या ताटाची उभी भिंत कढी अडवते खरी, पण भिंत आणि तळ जुळतात त्या कोपऱ्यात शितं अडकून बसतात.

नव्या ताटात कोपराच ठेवलेला नाही. तळ मध्याकडे किंचित खोल, आणि तिथून गोलाईनेच भिंत वर चढते. बोटं त्या गोलाईवर आपोआप वळतात, घास तिथेच बांधला जातो. ही गोलाई देण्यासाठी करवंटीचा तुकडा पॉलिश पेपरवर घासून रिब, म्हणजे मातीला आकार देणारी पट्टी, केली. बाजारच्या रिबपेक्षा ही मला फार आवडली. ओल्या मातीवरून सुरेख फिरते.

काठ मात्र आईमुळे आला. बिनकाठाचं ताट बघून ती म्हणाली, "ताट बरा आसा, पण काटे खंय ठेवूचे?" बांगड्याचे काटे, कढीतली तिरफळं, कोकमाची सालं या सगळ्यांना जागा हवीच! आता चहूकडून ३ सेंटीमीटरचा काठ आहे, आतल्या बाजूला जरासा कललेला, म्हणजे निथळलेली कढी परत भातात जाते. भाजून झाल्यावर ताट २८ सेंटीमीटरचं हवं. माझी माती १२ टक्के आटते, म्हणून चाकावर ते ३१.८ चं काढतो.

पावसात काठ आधी सुकून वर उचलला जातो. त्यावर प्लास्टिकची पट्टी, आणि ताट पेलण्याइतकं घट्ट झालं की पालथं. बिस्कच्या, म्हणजे पहिल्या भाजणीच्या, वेळी भट्टी रात्रभर १०० अंशांच्या खाली धरतो. इथल्या दमट हवेत वरून सुकलेल्या ताटातही ओल असते, आणि वाफ झाली की ती माती फोडते.

ग्लेझचा, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाचा, निर्णय हळदीने केला. मॅट पांढऱ्यावर पिवळे डाग बसतात, डावाचे करडे ओरखडेही उठतात. म्हणून आतून चकचकीत पारदर्शक ग्लेझ, त्यात शिसं नाही आणि तांबंही नाही, कारण आंबट पदार्थ नीट न भाजलेल्या ग्लेझमधून धातू ओढून घेतात. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवली, सकाळी रंग नि चकाकी तशीच होती. ही झाली घरगुती चाचणी. बाहेरून आणलेल्या ग्लेझबद्दल शंका असेल तर प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या. बाहेरच्या अंगाला चाळलेल्या जांभ्याची स्लिप, म्हणजे पातळ मातीचा लेप, दिली. विजेच्या भट्टीत जांभ्यातलं लोह गंजासारखं तपकिरी उतरलं, अगदी आमच्या गडग्याचा, म्हणजे जांभ्याच्या कुंपणभिंतीचा, रंग.

आता वजन. भरलेलं ताट आईला एका हाताने उचलता यायला हवं, म्हणून पुढच्या खेपेला तळ ८ मिलिमीटरवरून ६ वर आणतोय. पातळ तळाला आधार म्हणून पायथ्याचं कडं थोडं आत घ्यायचं की मध्ये दुसरं कडं द्यायचं, दोन्ही करून बघणार आहे. एवढ्या रुंद ताटाचा तळ भट्टीत खाली बसू नये म्हणून तुम्ही काय करता?